कड्याची पेटी

आमच्या आमदारांना विधानसभेत बोलायचं असलं की आदल्या दिवशी ते धाम नदीत कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे राहत आणि पलीकडच्या काठावर चरणाऱ्या म्हशींना भाषण ऐकवत. माझी त्यांची पहिली भेट तिथलीच. पवनारपासून नदीच्या काठाकाठानं खाली गेलं की लागणाऱ्या एका गावात मी मास्तरीण म्हणून नुकतीच आले होते. शाळा गावात नव्हती, ओढ्याच्या अलीकडे टोलीत होती. टोली म्हणजे गावाबाहेरची महारांची वस्ती. राहायची खोली शाळेलाच लागून. दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन नदीवर गेले, तर हा धिप्पाड माणूस धोतर खोचून पाण्यात उभा आणि घसा फोडून ओरडतोय, "अध्यक्ष महाराज! आमच्या टोलीचा कागद कुठी हाय?"

मला वाटलं, झालं! एवढ्या शाळा सोडून नेमकी वेड्यांच्या गावात नेमणूक मिळाली आपल्याला. शेजारच्या दगडावर एक बाई लुगडं आपटत होती. तिनं माझं तोंड पाहिलं आणि हसली.

"भेऊ नका बाई, तो माहा नवरा हाय. आमदार हाय. पाण्यात गुडघे कापलेले दिसत नाई म्हून तिथं उभा राह्यते."

ती हे नवऱ्याची टिंगल करायला म्हणाली नव्हती. माणूस मोठ्या लोकांपुढे थरथर कापायचा ही गोष्ट ती अगदी साधेपणानं सांगत होती, जसं एखादी सांगेल की आमच्या ह्यांना वांगं चालत नाही. पुढं सहा-सात वर्षं मी त्या दोघांना जवळून पाहिलं. आज दोघंही नाहीत. मी निवृत्त होऊन नागपूरला भाच्याकडे येऊन पडले, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण त्या आमदारांबद्दल माझ्याकडून एक सांगायचं राहिलंय आणि ते न सांगता मरायची माझी इच्छा नाही.

माणूस होता मात्र तऱ्हेवाईक. पहिला भत्ता मिळाला त्यातून त्यांनी नागपूरच्या सीताबर्डीवरून एक गजराचं घड्याळ आणलं. हे एवढं मोठं, वर दोन घंटा असलेलं. ते झोळीत घालून हिंडायचे. कोणी गाऱ्हाणं घेऊन आला की घड्याळ काढायचं, किल्ली द्यायची, पंधरा मिनिटांवर गजर लावायचा आणि म्हणायचं, "हं, बोला." गजर वाजला की तुमची वेळ संपली, मग तुम्ही शेजारच्या गावचे पाटील असा की बिनदाताची म्हातारी. एकदा तालुक्याचे तहसीलदार बोलता बोलता गजर वाजला, तर यांनी त्यांनाही हात जोडून उठवलं. "हरेकाले सारखा टाइम, साहेब. तुमाले जास्ती देल्ला तं ह्या माउलीचा कमी होते." तहसीलदार लालबुंद होऊन गेले आणि म्हातारी पुढं सरकून बसली. पण तिला सांगायचं ते दोन मिनिटांत सांगून झालं, आणि उरलेली तेरा मिनिटं दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले. ह्यांनी तिला उठू दिलं नाही. तिचा हक्क होता म्हणे.

दुसरा हट्ट कागदाचा. कोणी काही म्हटलं की ह्यांचं ठरलेलं, "कागद पाह्यजे." विहीर खोदून देतो म्हणाला इंजिनिअर? कागद पाह्यजे. पोराला नोकरीला लावतो म्हणाला जिनिंगवाला? कागद पाह्यजे. स्वतः चौथी शिकलेले. आमदार होण्याआधी वर्ध्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर घालायचे. अक्षर वळणदार होतं पण सरकारी मराठी जमत नसे, म्हणून त्यांचे अर्ज मी लिहायची. पोरं टकळीवर सूत काततायत, मी खुर्चीवर, आणि आमदार जमिनीवर फतकल घालून मजकूर सांगतायत, असा आमच्या शाळेचा देखावा असे. खुर्ची दिली तर बसत नसत. "नागपूरले बसतो ना खुर्चीवर. मन भरते," म्हणायचे.

आता हे आमदार झाले कसे, तेही सांगते. ते मला त्यांच्या बायकोनं सांगितलं, मिरच्या कुटता कुटता. मी तिला वैनी म्हणत असे.

गावाचा एक मालगुजार होता, म्हणजे सारा वसूल करणारा जमीनदार. सरकारनं मालगुजारी काढून घेतली होती, पण लोकांच्या तोंडी तो मालकच राहिला. आमदारांचे वडील त्याच्याकडे जन्मभर राबले. पहिली निवडणूक आली तेव्हा आमच्या मतदारसंघातून दोन आमदार निवडायचे होते, एक कोणीही आणि एक राखीव जागेवरचा. पहिल्या जागेवर मालक स्वतः उभा राहिला. दुसरीसाठी पक्षाच्या वरच्या लोकांनी त्यालाच विचारलं, तर म्हणाला, "आपला तो गाठीवाला हाय ना, चौथी शिकलेला. उभा करा त्याले." झालं. मालकानं बोट दाखवलं आणि आमदार तयार.

त्या काळी मतदानाची तऱ्हा वेगळी होती. आजच्यासारखा शिक्का नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याच्या पक्षाचं चित्र. दोन आमदार निवडायचे म्हणून प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या मिळायच्या. पडद्याआड जायचं आणि एकेक चिठ्ठी दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायची. मालकाचा आणि ह्यांचा पक्ष एकच, त्यामुळे पेट्यांवरचं चित्रही एकच. फक्त राखीव जागेच्या पेटीवर चित्राभोवती काळं कडं काढलेलं. टोलीत त्या पेटीला नावच पडलं, कड्याची पेटी.

मालकाला वाटत होतं, टोली एक चिठ्ठी कड्याच्या पेटीत टाकेल आणि दुसरी त्याच्या. टोलीच्या बायांनी काय करावं? दोन्ही चिठ्ठ्या कड्याच्या पेटीत!

"दोन देल्ल्या होत्या ना आमाले," वैनी सांगत होती, "मंग एक आपल्या माणसाले, अन् दुसरीबी आपल्याच माणसाले. मालकाले काऊन देऊ? त्याच्या घरी काय कमी हाय?"

चिठ्ठ्यांवर नंबर असायचे, आणि एकाच पेटीत एकाच्याच दोन चिठ्ठ्या निघाल्या की एक बाद, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार! प्रेमानं टाकलेल्या सगळ्या दुसऱ्या चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या. हे निवडून आले, आणि मालक पडता पडता वाचला. दुसऱ्या दिवशी त्यानं ह्यांना बैठकीसमोर उन्हात उभं केलं आणि भर गावासमोर विचारलं, "काबे, तुले मी आमदार केलं, अन् तुह्या बाया मलेच पाडून राह्यल्या होत्या?" नवे आमदार टोपी हातात घेऊन उभे. पाय लटलट कापत होते म्हणे. मालकानं तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी टोलीच्या पेट्या गावात मिसळू द्यायच्या नाहीत. टोलीचं मतदान टोलीच्या शाळेत, एका खोलीत बाप्ये आणि दुसरीत बाया, म्हणजे कोणी काय केलं ते मोजणीत उघडं पडेल. त्यासाठी तो कुठंकुठं बोलला कोण जाणे, पण पुढच्या निवडणुकीला तसंच झालं.

पाच वर्षांत हे विधानसभेत चारदा बोलले आणि चारही वेळा एकाच विषयावर. टोलीखालची जमीन. मालगुजारी गेली तेव्हा पटवाऱ्यानं मालकाच्या सांगण्यावरून टोलीची जागा त्याचं खुदकास्त, म्हणजे स्वतः कसायचं शेत म्हणून लिहून ठेवली होती. म्हणजे प्रत्यक्षात दीडशे घरं, चुली, गुरं, माझी शाळा. आणि कागदावर तिथं ज्वारी पेरलेली! मालकाच्या मनात आलं तर तो उद्या नांगर घेऊन दारात उभा राहू शकत होता. त्या ज्वारीवर मी किती अर्ज लिहिले त्याला गणती नाही. उत्तर एकच यायचं, विचाराधीन आहे. ते पत्रही हे घडी घालून जपून ठेवायचे. कागद होता ना तो!

मग दीक्षेचं वर्ष आलं. त्या दसऱ्याला सगळी टोली नागपूरला निघाली. वैनीनं माझ्याकडून वर्ध्याहून पांढरी लुगडी मागवली होती. जाण्याआधी आमदारांनी आपल्या घरचे देव टोपलीत भरले, ज्या पाण्यात उभं राहून ते म्हशींना भाषण ऐकवायचे त्याच पाण्यात गेले आणि टोपली सोडून दिली. एक शब्द बोलले नाहीत. काठावर येऊन ढसाढसा रडले, आणि मग वैनीकडे पाहून हसले.

मी नागपूरला गेले नाही. शाळेला सुट्टी होती, मनातही होतं, पण मालकाचं वजन शाळेच्या कमिटीवर होतं आणि मी विधवा, एकटी, पोटाला नोकरीच. घाबरले, सरळ सांगते. परत आल्यावर वैनी म्हणाली, "बाई, एवढ्या लाखो माणसाईत ह्यायचाच आवाज मले ऐकू येत होता. एक गुडघा कापला नाई." तिचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि नंतर तर नाहीच नाही.

तेवढ्यात राज्य मोडलं, आमचा जिल्हा मुंबईकडे गेला आणि दुसरी निवडणूक आली. मालकानं ह्यांना बोलावणं धाडलं. वाचायला कागद असतील म्हणून हे मला सोबत घेऊन गेले. मालक पान लावत बसला होता. बस म्हणाला नाही. हे पायरीवर बसले, मी खांबाला टेकून उभी.

"राखीव जागेवर उभं राह्यचं हाय तुले," मालक म्हणाला. "फॉर्मवर हिंदू लिहा लागते. हिंदू, जात महार. धर्म बदलला असन त्याले ती जागा नाई, असा कायदा हाय."

"मी दीक्षा घेतली, मालक."

"कोणी कागद देल्ला का तुले तिथं?"

कागद कोणालाच मिळाला नव्हता.

"मंग झालं तं! मले नवीन माणूस शिकवत बसाले वेळ नाई. तू उभा राह्य. निवडून आला की टोलीच्या जागेवरचा माहा हक्क मी सोडतो. पट्टे करून घे सगळ्याईचे." मालकानं पान तोंडात घातलं. "अन् नाई राह्यला, तं मृगाले माह्या शेतात मी नांगर घालीन. शेत माहं हाय, कागद हाय माह्यापाशी."

"हे लिहून द्या, मालक," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मला कसाबसा ऐकू आला.

मालक हसला. "पह्यले तू लिहून दे. अन् हे टोलीत कोणाले सांगतलं तं सौदा मोडला समज. बाई, तुमालेबी सांगून ठेवतो."

परत येताना ओढा लागला. मग हे म्हणाले, "बाई, कागदावरच लिहायचं हाय ना? मन तं तेच हाय."

मी भडकले. "पाच वर्षं कागद पाह्यजे, कागद पाह्यजे करून तुम्ही माझं डोकं खाल्लंत, आणि आता कागद म्हणजे काहीच नाही?"

ते ओढ्यात उभे राहिले. पाणी घोट्याएवढंच होतं. म्हणाले, "दीडशे घरं हायेत, बाई. तुम्ही सांगा काय करू."

मी काय सांगणार? मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.

अर्जांची छाननी वर्ध्याला होती. ह्यांनी हिंदू लिहून दिल्याची टोलीला कुणकुण लागली होती, म्हणून म्हातारे-कोतारे, बाया अशी सगळी बसनं येऊन कचेरीच्या ओसरीवर उभी होती. मीही होते. तिथल्या अधिकाऱ्यानं ह्यांचा फॉर्म हातात घेताच टोलीतला एक म्हातारा काठी टेकत पुढं झाला. "साहेब, हे खोटं हाय. दीक्षेच्या टायमाले हा माणूस माह्यापासून दहा हातावर होता."

अधिकाऱ्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. "खरं का हे? धर्म बदललात तुम्ही?"

"होतो मी तिथं," हे म्हणाले. "पाहाले गेलतो."

"दीक्षा घेतली का?"

"नाई."

दारात वैनी उभी होती, तेच पांढरं लुगडं नेसून. ओरडली नाही, रडली नाही. फक्त अधिकाऱ्याला विचारलं, "साहेब, मंग माह्या बाजूले कोण होतं?"

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण मी त्यांच्याकडे पाहत होते. धोतराखाली दोन्ही गुडघे थडथडत होते आणि झाकायला तिथं पाणी नव्हतं. अधिकाऱ्यानं वैनीला विचारलं, बाई, तुमच्याजवळ काही लेखी पुरावा आहे का. नव्हता. हरकत फेटाळली, फॉर्म मंजूर झाला.

त्याच संध्याकाळी वैनीनं नवऱ्याची वळकटी, झोळी आणि घड्याळ आणून माझ्या शाळेच्या ओट्यावर ठेवलं. "बाई, ह्या आमदाराच्या वस्तू हायेत. कोणी मांगाले आलं तं देजा." जिभेवर आलं होतं सगळं, मालक, नांगर, पट्टे. पण मालकानं मला बजावलं होतं आणि ह्यांनी तर माझ्याकडून वचनच घेतलं होतं. मी तोंड दाबून बसले. ह्यांनी वळकटी नेली आणि गावातल्या पक्षाच्या खोलीत राहायला गेले.

मतदानाच्या दिवशी टोली सकाळीच आली. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एरवी बायांची रांग म्हणजे कलकलाट, त्या दिवशी चिडीचूप. माझं नावही टोलीच्याच यादीत होतं, कारण मी राहायला तिथंच. मी ठरवून गेले होते की कड्याच्या पेटीत टाकायचं नाही. वैनीचा तो प्रश्न माझ्या कानातून जात नव्हता. पडद्याआड गेले, पहिली चिठ्ठी एका अपक्षाला दिली. दुसरी हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे, बाहेरून रांगेतली एक बाई म्हणाली, "झालं का हो?" मी कड्याच्या पेटीत टाकली. का टाकली? टोलीची घरं राहावीत म्हणून टाकली, आणि त्या माणसाचं कोणीच उरलं नाही हे बघवेना म्हणूनही टाकली. टोलीला कळलं असतं तर एक पोरगं शाळेत आलं नसतं.

हे निवडून आले. मालकाच्या ताब्यातल्या गावांनी भरभरून मतं दिली. टोलीच्या मात्र पेट्या उघडल्या, तर बाप्यांच्या खोलीतल्या कड्याच्या पेटीतून एक चिठ्ठी निघाली. ती त्यांची स्वतःची. आणि बायांच्या पेटीतूनही एकच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते धावत माझ्याकडे आले. गळ्यात हार तसाच. मला वाटलं, जिंकल्याचे पेढे. कशाचे पेढे!

"बाई, एक निघाली! बायाईच्या पेटीतून एक निघाली!"

ते ओट्यावरच टेकले.

"तिचीच असन ती. बोलत नाई, घरात घेत नाई, पण टाकली तिनं. तिले समजलं असन, काऊन लिहून देल्लं ते. न सांगता समजलं, बाई!"

माझं नाव त्या यादीत असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांच्या लेखी मी अर्ज लिहिणारी, टोलीतली कुठं होते? मी तोंड उघडणार होते, पण त्यांचा चेहरा बघितला आणि उघडलं नाही. जाऊ दे, म्हटलं, चार दिवसांत विसरतील.

ते विसरले नाहीत. मालकानं शब्द पाळला, हे मात्र सांगायला हवं. वर्षभरानं पट्टे झाले. दीडशे घरांचे दीडशे कागद, प्रत्येकावर सही-शिक्का. ते घेऊन आमदार शाळेच्या ओट्यावर येऊन बसले, घड्याळ शेजारी ठेवलं. सकाळपासून दुपार झाली. टोली दारादारांतून बघत होती, एक माणूस आला नाही. एकदा गजर वाजला, त्यांनी तो बंद केला. शेवटी कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"तुम्हीच वाटा. माहं नाव नोका घेऊ."

"आता तरी सांगू का लोकांना?" मी विचारलं. "आता काय भीती राहिली मालकाची?"

"नोका. तिनं कोणी न सांगता टाकली ना? मंग बाकीच्याईले सांगून काय करू? म्हणतील, उपकार मोजून राह्यला."

माझ्या हातून टोलीनं पट्टे घेतले. वैनीनंही घेतला, घराचा पट्टा त्यांनी तिच्याच नावावर केला होता. तिनं अंगठा उठवला आणि कागद नीट पाहिलासुद्धा नाही.

मुंबईहून आले की हे रोज एकदा तिच्या दारात जायचे आणि पाणी मागायचे. ती उंबऱ्यावर तांब्या ठेवायची, आत जायची. पाणी तर ती पटवाऱ्यालाही द्यायची हो! पण हे माझ्याकडे येऊन सांगायचे, "आज तांब्या घासून ठेवला होता. पाह्यलं का, बाई?" अशी दोन वर्षं गेली. एवढा मोठा माणूस, पण त्या एका चिठ्ठीवर जगत होता. मुंबईला त्यांचं मन नव्हतं, भाषण एकही केलं नाही, नदीतही कधी उभे राहिले नाहीत.

मग कोणीतरी त्यांच्या डोक्यात किडा सोडला. पक्षाचा कारकून जुन्या याद्या चाळत होता, तो सहज बोलून गेला की मास्तरीणबाईचंही नाव टोलीच्याच बायांत होतं. भर दुपारी उन्हातून चालत हे शाळेत आले. पोरं जेवायला गेली होती. त्या दिवशी ते माझ्यासमोर खुर्चीवर बसले, पहिल्यांदाच.

"बाई, एक इचारतो. खरं सांगजा. तुमची चिठ्ठी कोणत्या पेटीत पडली?"

मला कळलं ते काय विचारतायत. मी हो म्हटलं असतं तर त्यांना एक माणूस मिळालं असतं, मी. आणि वैनी गेली असती, कायमची. त्यांच्या हातात खडूचा एक तुकडा होता, टेबलावरचा उचललेला. तो ते बोटांनी चुरत होते.

"समोरच्याच्या," मी म्हटलं. "खोटं कशाला सांगू? तुम्ही त्या दिवशी नाही म्हणालात ना, ते मला पटलं नव्हतं."

त्यांचा जीव भांड्यात पडला. अगदी स्पष्ट दिसलं मला. "म्हणजे तिचीच होती," असं स्वतःशीच म्हणाले. आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलले ते आत्ता कुठं त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"मालकाच्या बैठकीत तुम्ही होत्या, बाई. तुमाले सारं मालूम होतं." उरलेला खडू टेबलावर ठेवला. "तिले काई मालूम नव्हतं तरी तिनं टाकली. अन् तुमाले मालूम असून तुम्ही नाई?"

मी खाली मान घालून पोरांच्या पाट्या आवरत राहिले. ते उठले. खुर्ची होती तिथं नीट सरकवून ठेवली आणि पायऱ्या उतरून वैनीच्या घराच्या वाटेला लागले, पाणी मागायला.

हे खोटं मी त्यांच्यासाठी बोलले, की टोलीला कळेल आणि माझी शाळा बसेल म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही असेल. त्यानंतर त्यांनी अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतले. रस्त्यात मी दिसले की पलीकडे बघायचे. त्यांची मुदत संपली, पुन्हा उभे राहिले नाहीत, आणि पुढं चारेक वर्षांनी गेले. वैनीनं शेवटपर्यंत उंबऱ्यावर तांब्या ठेवला आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात होते. गेले मी. बाहेरच उभी राहिले, कारण मी त्यांना बघायला यायचं नाही असं ते सांगून गेले होते.

स्वतःचं सोडलं तर अख्ख्या टोलीतून त्यांना एकच मत पडलं होतं, आणि ते देणारीशी ते मरेपर्यंत बोलले नाहीत.